घुबडशास्त्री कुठे गेले?

वाचकाचं पत्र:

प्रिय मावशी,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. माहेर नाशिकचं, बाबा बँकेत होते. मी पाच-सहा वर्षांची असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विनी-द-पूचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. कव्हर फाटलेलं, पण आतली चित्रं शाबूत. रोज रात्री बाबा पुस्तक इंग्रजीत बघायचे आणि मला मराठीत वाचून दाखवायचे. “पू म्हणजे गळवातला. असलं नाव अस्वलाला कोण ठेवतं?” असं म्हणून त्यांनी त्याचं भोलू केलं. डुकराचं पिल्लू झालं डुक्कुल्या, सदा तोंड पाडून बसलेलं गाढव झालं उदासराव आणि घुबड झालं घुबडशास्त्री. शास्त्रीबुवा बोलायला लागले की बाबा नाकातून आवाज काढायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, झोपवताय की उठवताय तिला?” बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

मागच्या महिन्यात मी लेकीला घेऊन न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत गेले. ती साडेपाच वर्षांची आहे. पूची मूळ खेळणी तिथे काचेत ठेवली आहेत. मी समोर उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. लेक म्हणाली, “आई, हा पू नाहीये. ह्याला शर्ट कुठेय?” आणि लगेच प्रेट्झेलसाठी मागे लागली. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती! मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. परतीच्या गाडीत दोघी गप्प. आणि घुबडशास्त्री तर काचेत नव्हतेच, कधीतरी हरवले असतील.

जुलैत लंडनला दिरांकडे जायचं आहे. जाऊबाई म्हणतात, पूच्या गोष्टीतलं जंगल तिथून फार लांब नाही, काठ्यांच्या खेळाचा तो पूलही आहे. नवरा म्हणतो, एकदा तमाशा झाला तेवढा पुरे. काय करू? आणि माझ्या मुलीला काहीच कसं वाटलं नाही?

तुमची एक वाचक

---

अगं बाळा,

मावशी म्हणालीस, तेव्हा अगंतुगं करण्याचा हक्क मला मिळाला असं धरून चालते.

आधी शर्टाचा निकाल लावू, कारण त्या बाबतीत तुझी लेक बरोबर आहे. तिच्या ओळखीच्या अस्वलाला लाल शर्ट आहे. काचेतल्याला नाही. मग तिने काय म्हणायला हवं होतं? आपल्या गल्लीतला वाण्याचा मुलगा म्हणून कुणी भलत्याच माणसाला पुढे केलं, तर आपणही “हा तो नव्हे” असंच म्हणू की. आणि गंमत अशी, की तिने जो प्रश्न विचारला तो या अस्वलाच्या मागे लागलेल्या मोठमोठ्या अभ्यासकांनाही सुटलेला नाही. खरा पू कोणता? मोजायला बसलं तर निदान चार निघतात.

पहिला जिवंत होता. ऑगस्ट १९१४. हॅरी कोलबर्न नावाचा कॅनडाच्या सैन्यातला जनावरांचा डॉक्टर युद्धावर निघाला होता. वाटेत व्हाइट रिव्हर नावाच्या स्टेशनात एका शिकाऱ्याकडे त्याला काळ्या अस्वलाचं पोरकं पिल्लू दिसलं. वीस डॉलर मोजून त्याने ते विकत घेतलं आणि आपल्या विनिपेग गावावरून नाव ठेवलं विनी. ही मादी होती बरं का. पलटणीबरोबर ती इंग्लंडला गेली. डॉक्टरसाहेबांना पुढे फ्रान्सला जायची वेळ आली, तेव्हा डिसेंबरात त्यांनी तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. ती तिथेच राहिली, १९३४ मध्ये वारली, आणि त्यापूर्वी ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न नावाच्या एका लहान मुलाला तिने वेड लावलं.

दुसरा तुझ्या काचेतला. त्याच मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला, १९२१ मध्ये, लंडनच्या हॅरॉड्समधून आणलेलं फार्नेल कंपनीचं अस्वल. आधी त्याचं नाव एडवर्ड होतं. मग विनीला भेटून आल्यावर विनी झालं आणि ‘पू’ हे एका हंसाचं नाव होतं, ते त्याला चिकटलं. (तुझ्या बाबांना हे ठाऊक असतं तर गळवावरचा विनोद त्यांनी हंसाच्या माथी मारला असता.)

तिसरा कागदावरचा. बाप ए. ए. मिल्न लिहिणारा आणि चित्रं काढणारा अर्नेस्ट शेपर्ड. दोघेही ‘पंच’ साप्ताहिकातले. पुस्तक आलं १९२६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे या २०२६ मध्ये त्याची शंभरी. शेपर्डने अस्वल काढताना मिल्नच्या घरातलं खेळणं समोर धरलंच नाही. त्याच्या स्वतःच्या मुलाचं, ग्रॅहमचं, ग्राउलर नावाचं अस्वल होतं. ते जास्त गुबगुबीत. त्याच्यावरून त्याने पू काढला. म्हणून काचेतलं अस्वल आणि चित्रातलं अस्वल शेजारी ठेवलं तर सख्खे भाऊसुद्धा वाटत नाहीत. काचेतल्याचे हातपाय लांब, मान ताठ, चेहरा जरा शाळामास्तरी. तुला तरी ते पहिल्या क्षणाला ओळखू आलं का? खरं सांग. पाटी वाचल्यावर रडू आलं ना?

चौथा लेकीचा. तो लाल शर्ट १९३२ चा आहे. स्टीफन स्लेसिंजर नावाच्या अमेरिकन माणसाने दोन वर्षं आधी अमेरिका आणि कॅनडासाठी खेळणी-वस्तूंचे हक्क विकत घेतले होते. त्याच्या एका ग्रामोफोन रेकॉर्डवर अस्वलाच्या अंगात पहिल्यांदा तो शर्ट आला. डिस्नीने हक्क घेतले ते फार नंतर, १९६१ मध्ये. म्हणजे शर्टसुद्धा नव्वदी ओलांडलेला म्हातारा आहे. तिला उगाच ‘टीव्हीवरचं खोटं’ म्हणून हिणवू नकोस.

आणि तुझा? तुझा पाचवा. तो भोलू. मराठीत बोलणारा, नाशिकच्या घरात दिवे मालवल्यावर येणारा. तू त्याला भेटायला पाचव्या अव्हेन्यूवरच्या त्या लायब्ररीत गेलीस. तो तिथे असणार कसा?

आता शास्त्रीबुवांचं सांगते. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. बाळा, ते हरवलेले नाहीत. ते खेळणं कधी नव्हतेच. पू, पिग्लेट (तुझा डुक्कुल्या), ईयोर (तुझे उदासराव), कांगा नावाची कांगारू आणि टिगर नावाचा वाघ ही पाच त्या मुलाच्या खोलीत खरोखरची होती. रू नावाचं कांगाचं पिल्लूही होतं. घुबड आणि ससा मात्र मिल्नने मनाने घातलेले आहेत. त्यांना कुणी कधी शिवलं नाही, कापूस भरला नाही. त्यामुळे ते कुठल्याच काचेत सापडणार नाहीत. ते कागदावर आहेत, आणि तुझ्या घरी नाकातून निघालेल्या आवाजात होते. बाबांनी नेमकं ज्याच्यावर जीव टाकला, ते पात्र असं निघावं!

हरवलं कोण, तर रू. तिसाच्या दशकात, सफरचंदाच्या बागेत. पिग्लेटचं नाक चेपलं आहे ते कुत्र्याने तोंडात धरल्यामुळे. ठिगळं आहेत, टाके आहेत. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी या मंडळींची डागडुजी केली, पोटात भर घातली, पण वापराच्या खुणा मुद्दाम राहू दिल्या. मला ही खेळणी आवडतात ती याचसाठी. खेळून खेळून संपत आलेली आहेत ती. आणि त्या शेजारी एक साडेपाच वर्षांची मुलगी, जिला सांगितलं जातं की हात लावायचा नाही, काचेला नाक लावायचं नाही, आवाज करायचा नाही. तिला प्रेट्झेल आठवलं नसतं तरच नवल. सकाळी अकराच्या सुमाराला काहीतरी तोंडात टाकावंसं वाटणं हा तर त्या अस्वलाचाच स्वभाव आहे. या हिशेबाने त्या दिवशी त्या खोलीत पूच्या सगळ्यात जवळची तुझी लेकच होती.

तेव्हा “तिला काहीच कसं वाटलं नाही” हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तिला काय वाटायला हवं होतं? तिच्या आजोबांनी तिला भोलू वाचून दाखवला होता का? तू दाखवलास का? तुझ्या पत्रात तसं कुठे नाही. नाव काढलंस तेही तिच्यापुढे ‘पू’ असंच काढलंस असं दिसतं, कारण ती “हा पू नाहीये” म्हणाली. म्हणजे भोलूची आणि तिची ओळखच नाही. अनोळखी माणसाच्या तेराव्याला नेलेल्या मुलासारखी उभी होती बिचारी. वर आई रडतेय. आईला रडताना पाहिलं की मुलं घाबरतात, आणि घाबरली की खायला मागतात किंवा शूला लागते.

मी काही फार शहाणी नाही या बाबतीत. माझा मुलगा सात वर्षांचा असताना मी त्याला एका प्रदर्शनात ओढून नेलं होतं. कुठल्या ते सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. दोन तास मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवली. आज तो बेचाळीसचा आहे. त्याला त्या दिवसातलं आठवतं ते एवढंच, की तिथल्या लिफ्टला दोन बाजूंनी दारं होती आणि मी त्याला बटण दाबू दिलं नाही. अजून ऐकवतो.

त्याच मुलाचा मुलगा चार वर्षांचा असताना, २०१८ च्या जानेवारीत, आम्ही लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पूचं मोठं प्रदर्शन बघायला गेलो. (आपली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती याच म्युझियममधून. तिथल्या गोदामांत काय काय आहे, देव जाणे.) शेपर्डची दोनशे सत्तर-एक पेन्सिलीची चित्रं त्यांच्याकडे आहेत. यावेळी मी शपथ घेतली होती, पाट्या वाचायच्या नाहीत. प्रदर्शन मांडणाऱ्यांनीही शहाणपणा केला होता. मुलांसाठी जिना होता, लुटुपुटीचा पूल होता. नातू जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसला आणि उठेचना. त्याचा बाप त्याच्याजवळ थांबला आणि मी एकटी चित्रांपाशी गेले.

एक चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. अस्वल आणि डुकराचं पिल्लू पाठमोरे चालले आहेत, एवढंच. कागद हाताच्या पंजाएवढा. जवळ गेल्यावर दिसलं की अस्वलाच्या पाठीची रेघ एका दमात काढलेली नाही. आधी एक फिकी रेघ आहे, ती जरा चुकली आहे, मग शेजारून दुसरी, ठाम. ती चुकलेली रेघ त्याने खोडली नाही. पुस्तकात छापलेलं चित्र बघताना हे कळत नाही. मी तिथे दहा मिनिटं उभी होते. नातवाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर ती रेघ दोघांच्याही हाती लागली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं. काचेची पेटी तुझी आहे. तिथे तू एकटी जा. एडिसनहून पेन स्टेशन तासाभराची गाडी, पुढे बेचाळीसाव्या रस्त्यापर्यंत पायी. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. एखाद्या शनिवारी लेकीला नवऱ्यावर सोपव, ‘तमाशा पुरे’ म्हणणाऱ्याने तेवढं करावं. पेटीसमोर उभी राहा, हवं तेवढं रड. घुबडशास्त्री नाहीत हे आता तुला माहीत आहे, तेव्हा त्यांना शोधत बसू नकोस. उदासरावांकडे नीट बघ, त्यांच्या मानेकडे. मुलांनी शंभर वेळा मानेला धरून उचललेल्या गाढवाची मान आहे ती.

एक गोष्ट मात्र तिथे उभी असताना आठव. ही खेळणी १९४७ मध्ये अमेरिकेत आली, पुस्तकाच्या प्रकाशकाकडे राहिली, १९८७ मध्ये लायब्ररीला मिळाली. १९९८ मध्ये ब्रिटनच्या एक खासदारबाई, ग्वेनेथ डनवुडी, म्हणाल्या की आमची खेळणी परत द्या. मोठा गदारोळ झाला, न्यूयॉर्कचे महापौर अस्वलाला भेटायला गेले, वर्तमानपत्रांनी चंगळ करून घेतली. आणि ज्याची ती खेळणी, तो ख्रिस्तोफर रॉबिन? तो तेव्हा हयात नव्हता, १९९६ मध्ये गेला. पण हयात असतानाही त्याने ती कधी परत मागितली नाहीत. शाळेत पोरांनी त्याला त्या पुस्तकावरून इतकं छळलं होतं, की मोठेपणी त्या नावाशी त्याचं फारसं सख्य राहिलं नाही. डार्टमथला त्याने पुस्तकांचं दुकान काढलं. आपल्याभोवती आज आवडणाऱ्या वस्तू असाव्यात, लहानपणी आवडलेल्या नव्हेत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. मला हे वाचून आधी धक्का बसला, मग बरं वाटलं.

आता लंडन. जाच. नवऱ्याला सांग, मावशीने सांगितलंय. फक्त यावेळी लेकीला ‘दाखवायला’ नेऊ नकोस.

आधी प्राणिसंग्रहालय करा. तिथे विनीच्या आठवणीचा अस्वलाच्या पिल्लाचा पुतळा आहे, १९८१ मध्ये त्याचं अनावरण खुद्द ख्रिस्तोफर मिल्नने केलं. कोलबर्न आणि विनीचा आणखी एक पुतळाही आहे. पण पुतळे हे निमित्त. आत जिराफ आहेत, पेंग्विन आहेत, साडेपाच वर्षांच्या मुलीचा दिवस जायला तेवढं बस्स. “इथे एक खरी अस्वलीण राहायची, तिला एक मुलगा खाऊ द्यायचा” एवढं एक वाक्य टाकून मोकळी हो. विनीची कवटी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहे आणि तिचे दात फार वाईट अवस्थेत होते, ही गोष्ट रात्री दात घासताना कामाला येईल. प्रत्यक्ष कवटी दाखवायला मुलांना नेऊ नये, असं माझं मत.

मग अॅशडाउन फॉरेस्ट, म्हणजे जाऊबाई म्हणतात ते पूचं जंगल. नाव फॉरेस्ट असलं तरी आंबोलीसारखं दाट रान डोळ्यांपुढे आणू नकोस. बरंचसं मोकळं माळरान आहे, हेदरची झुडपं, गॉर्सचे काटे, मध्येच पाइनचे झुबके. मिल्नने १९२५ मध्ये हार्टफील्ड गावाजवळ कॉचफर्ड फार्म घेतलं आणि आसपासचा हा सगळा परिसर पुस्तकात उतरला. शेपर्डने इथे येऊन खऱ्याच झाडांची चित्रं काढली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत गाडीने साधारण तास, पुढे बस किंवा टॅक्सी. दिरांची गाडी असेल तर सोन्याहून पिवळं. जुलै असला तरी चिखल असतो, गमबूट न्या. तिला चिखल आवडेल, तुला नाही.

तो पूल बघून तुला पुन्हा रडू येण्याची शक्यता आहे, म्हणून त्याची हकिगत आधीच सांगून ठेवते. मूळ पूल १९०७ चा. पोरांनी आणि थोरांनी नाचून नाचून त्याची वाट लावली, १९९९ मध्ये तो उतरवून तसाच नवा बांधला. जुन्या पुलाची लाकडं जपून ठेवली होती, ती पुन्हा जुळवून २०२१ मध्ये लिलावात विकली. किंमत आली १ लाख ३१ हजार ६२५ पौंड. आणि शेपर्डने काढलेलं त्याच पुलाचं एक चित्र २०१४ मध्ये ३ लाख १४ हजार ५०० पौंडांना गेलं होतं. खऱ्या पुलापेक्षा चित्रातला पूल दुपटीहून महाग! हिशेब तूच लाव. मी पुण्याहून सासवडला जाताना फुरसुंगी आलं की अजून खिडकीतून बाहेर बघते, भा. रा. भागवतांचा बन्या फेणे कुठे सायकलवर दिसतो का म्हणून. तिथे ना पेटी, ना पाटी. तरी मान वळतेच.

पुलावर करायचा खेळ साधा आहे. दोघींनी एकेक काठी घ्यायची, पाणी जिकडून येतं त्या बाजूला उभं राहून एकाच वेळी सोडायची आणि धावत दुसऱ्या कठड्याशी जायचं. जिची काठी आधी बाहेर आली ती जिंकली. काठ्या पुलापाशी शोधू नका. येणाऱ्या प्रत्येकाने तिथली काडी न् काडी पाण्यात टाकलेली असते. गाडीतळापासून चालत जाताना वाटेतच वेचून घ्या, पाच-सहा तरी, एका डावाने कुणाचंच पोट भरत नाही. आणि काठीवर नखाने खूण करून ठेवा, नाहीतर कुणाची पुढे आली यावरून भांडण ठरलेलं. लेकीला काठी तिची ती निवडू दे. ती हमखास वाकडी निवडेल.

खेळ चालू असताना बाबांचा विषय काढू नकोस. संध्याकाळी, दमून गाडीत बसल्यावर, तिने विचारलं तर.

पण हे सगळं जुलैत. त्याआधी या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी आहेत, आणि मला विचारशील तर लंडनपेक्षा त्याच महत्त्वाच्या.

एक म्हणजे तिची माफी माग. मोठी करू नकोस, दोन वाक्यांत. “त्या दिवशी मी ओरडले ते चुकलं. मला माझे बाबा आठवले म्हणून रडू येत होतं, तुझ्यामुळे नाही.” मुलं असल्या गोष्टी मनात धरून बसतात. तिला वाटत असेल, शर्टाबद्दल बोलल्यामुळे आई रडली.

दुसरी, ते पुस्तक. नाशिकला असेल तर आईला शोधायला सांग, तुझ्याकडे असेल तर कपाटातून काढ. आणि रात्री वाच. इंग्रजीत बघून मराठीत. पहिले चार दिवस तुझी जीभ अडखळेल, बाबांना कुठला शब्द कसा सुचला होता ते आठवणार नाही. आठवतील तेवढे वहीत लिहून ठेव, डुक्कुल्या, उदासराव, सगळे. जे आठवणार नाहीत ते लेक तयार करेल, आणि त्यात इंग्रजी शब्द येतील, येऊ देत. भोलूला तिने लाल शर्ट घातला तर घालू दे. मात्र शास्त्रीबुवांचा आवाज तू काढायचा. नाकातून. तो दुसऱ्या कुणाला येत नाही.

आई पलीकडून ओरडली की ओळख, नीट जमलंय. व्हिडिओ कॉल चालू ठेव म्हणजे ओरडेल.

प्रदर्शनाला लहान मुलांना नेण्याबद्दल आणखी दोन-चार वाचकांनी विचारलं आहे, त्यांच्यासाठी इथेच उरकते. आधी खाणं, आधी शू. आत गेल्यावर वीस मिनिटं पुष्कळ झाली. जुन्या चित्रांच्या खोल्यांत उजेड मंद ठेवतात. मुलं विचारतात, अंधार का? त्यांना सांगा, उन्हात वाळत घातलेल्या साडीचा रंग उडतो ना, तसं होऊ नये म्हणून. चटकन पटतं. दुकानातून एकच वस्तू, आणि ती कोणती ते आत शिरण्यापूर्वी ठरवायचं नाही, पण एकच हे मात्र ठरवायचं. मुलाने अख्ख्या प्रदर्शनात फक्त आग विझवायचा लाल नळकांडा पाहिला तरी रागवू नका. आणि तुम्हाला स्वतःला काही नीट बघायचं असेल तर एकटे परत या, मुलाला साक्षीला उभं करू नका.

तुझ्या पत्राकडे परत येते, कारण एक गोष्ट राहिली. तू लिहिलंस की शास्त्रीबुवा बोलायला लागले की बाबा नाकातून आवाज काढायचे. पण ते बोलायचे काय, ते लिहिलंच नाहीस. तेवढं एक वाक्य कळव. छापणार नाही, मला ऐकायचंय.

तुझी,
मावशी